वेणीवरची कांतीण

झाडं आणि मी यांचं जन्मापासून सख्य आहे! मी नुसता हात लावला तर वाळक्या खुंटालाही पालवी फुटते. हे मी आजवर अनेकांना सांगितलं आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीच माझ्या हाती झाड न दिल्यामुळे ते खोटं ठरायचा प्रसंग कधी आला नव्हता. एकाच गृहस्थांनी विश्वास ठेवला. त्यांनी एक झाड दिलं नाही, अख्खी बागच दिली!

ते गृहस्थ म्हणजे हरिहरराव कर्णिक, जंगलखात्यातून निवृत्त झालेले. ठाण्याला नौपाड्यात आमच्या चाळीमागे त्यांचा बैठा बंगला होता आणि अंगणात एक जुना आंबा. त्या आंब्याखाली तारांवर, ओंडक्यांवर, नारळाच्या सोडणांत त्यांनी तऱ्हेतऱ्हेची ऑर्किडं टांगलेली. आमची गल्ली त्यांना 'कर्णिकांची बांडगुळं' म्हणे. अर्थात हरिहररावांच्या पाठीमागे! त्यांच्या मिशा पाहिल्यावर समोर कुणी म्हणत नसे.

या सगळ्यांत मानाची होती सीतेची वेणी. ती थेट आंब्याच्या फांदीलाच धरलेली. वर्षातून एकदा, ज्येष्ठाच्या तोंडावर, तिला गुलाबी-पांढऱ्या फुलांचा भरगच्च शेपटा लोंबायचा. वासंती जन्मली त्या वर्षी हरिहररावांनी ती जंगलातून आणून लावली होती. वासंती म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, मुलींच्या शाळेत शिक्षिका. आता मला झाडांचा इतका पुळका कुठून आला, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

माझी आई वासंतीसाठी विचारायला गेली तेव्हा मीही सोबत होतो. हरिहररावांनी माझी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. एकदम म्हणाले, "झाडांची आवड आहे?"

"आवड?" मी म्हणालो. "झाडं माझ्याशी बोलतात!"

आईने मला कोपर मारलं, पण बाण सुटला होता. हरिहररावांनी मिशीला पीळ दिला.

"ठीक आहे. आम्ही दोघं बडोद्याला पुतण्याच्या मुंजीला जातोय. तिथून द्वारका करून येऊ. वासंतीला परीक्षेचे पेपर तपासायचेत, ती आणि माझी बहीण कमळा इथंच राहतील. भाऊराव, तुम्ही रोज सकाळी येऊन झाडांना पाणी घाला. या वेणीला कळ्यांचा कोंब आलाय. वासंतीच्या लग्नात तिच्या अंबाड्यावर हीच वेणी माळायची, हे मी ती पाळण्यात असताना ठरवलंय. वेणी फुलली की मुहूर्त धरू."

माझ्या पोटात सनई वाजायला लागली!

"आणखी काय काय करू?" मी विचारलं.

"पाणी. पानांच्या खालून, वरून, भरपूर. बाकी काही करू नका."

"खत?"

"काही करू नका."

"छाटणी? साफसफाई?"

"भाऊराव, काही करू नका!"

मोठ्या माणसांना दुसऱ्याला त्रास द्यायचा संकोच असतो, असा मी त्याचा अर्थ घेतला.

पहिले काही दिवस मी खरोखरच नुसतं पाणी घातलं. पण नुसतं पाणी घालणाऱ्या माणसाकडे वासंती किती वेळ बघणार? ती ओट्यावर पेपर तपासत बसे. मी एकेक सोडण निरखत, भुवया चढवत, 'हं!' करत फिरे. एकदा तिने विचारलं, "आज काय म्हणतायत झाडं?"

"तक्रार आहे त्यांची."

"कुणाबद्दल?"

आता कुणाबद्दल सांगावं? मी वर पाहिलं आणि कारण सापडलं. जिकडे तिकडे जाळी! या फांदीपासून त्या तारेपर्यंत, त्या सोडणापासून या ओंडक्यापर्यंत कांतिणींनी आपला संसार थाटला होता. कांतीण म्हणजे शाळेच्या पुस्तकातला कोळी. आमच्या घरांत मात्र तिला कांतीणच म्हणतात, आणि तीही जरा दबकून, कारण ती अंगावरून फिरली की फोड उठतात अशी बायकांची ठाम समजूत.

"ही जळमटं!" मी म्हणालो. "झाडांचा श्वास कोंडतोय!"

नेमक्या त्याच वेळी कमळाआत्या मानेला खोबरेल चोळत बाहेर आल्या. त्या हरिहररावांच्या थोरल्या बहीण. घरात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा, हरिहररावांच्या शब्दाच्याही नंतरचा.

"मेली कांतीण फिरली हो माझ्या मानेवरून!" त्या म्हणाल्या. "बघा कशी पुरळ उठलीय! हरीला किती वेळा सांगितलं, ही बांडगुळं नि त्यांवरच्या कांतिणी घालव म्हणून. ऐकेल तर शपथ!"

वैशाख पेटलेला होता आणि आत्या नऊवारीवर शालही सोडत नसत. त्यामुळे ते घामोळं असावं असा मला आजही संशय आहे. पण भावी आत्येसासूच्या मानेचा प्रश्न होता!

"आत्या, काळजी सोडा. कांतिणींचं मी बघतो."

वासंती म्हणाली, "बाबा म्हणाले होते, काही करू नका."

"झाडांना काही करू नका म्हणाले. कांतिणींबद्दल ते काही बोलले नाहीत."

आत्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. अशी नजर मिळाल्यावर माणूस कुठे थांबतो?

मी लांब काठीला केरसुणी बांधली आणि जाळी पाडली. त्यामुळे एवढंच झालं की कांतिणी घरात आल्या. एक तर देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पाठीमागे जाऊन बसली. आत्यांनी पूजेला हात घातला आणि जी किंकाळी फोडली, ती ऐकून आमच्या चाळीतली माणसं आग विझवायला पाण्याच्या बादल्या घेऊन आली!

पण देव माझ्या पाठीशी होता. त्याच आठवड्यात गल्लीत हिवतापवाले आले. स्वातंत्र्य मिळून सहासात वर्षं झाली होती आणि सरकारने डासांवर चाल केली होती. खाकी कपड्यांतली माणसं पाठीवर पंप घेऊन घराघरांत डीडीटी मारत आणि जाताना भिंतीवर गेरूने तारीख लिहून जात. डीडीटीने डास मरत, ढेकूण मरत, झुरळं उताणी पडत. आमच्या चाळीत तर ढेकूण गेल्याबद्दल सत्यनारायण झाला होता!

कर्णिकांकडे आलेल्या माणसाचं नाव पंढरी. त्याने भिंती फवारल्या आणि तो निघाला.

"अहो, आंबा राहिला!" मी म्हणालो.

"आंबा?"

"आंबा. आणि खालची ही झाडं."

"साहेब, आमाला भिंतींचा हुकूम हाय. झाडांचा न्हाई."

मी त्याला ओट्यावर बसवलं. आत्यांनी स्वतः चहा आणि थालीपीठ दिलं. थालीपिठावर लोण्याचा गोळा आला तेव्हा पंढरीचा हुकूम पातळ झाला. त्याने पंप मारला! सोडणं, ओंडके, वेणी, सगळं पांढरं झालं. कांतिणी पटापट खाली पडल्या. आणि जाताना सवयीने त्या गड्याने आंब्याच्या बुंध्यावरही गेरूने तारीख लिहिली.

आत्यांनी घसघशीत बेसनलाडू केले आणि पितळी डबा भरून आमच्या घरी पाठवला. वासंती स्वतः घेऊन आली. "आता स्वच्छ वाटतं खरं," ती म्हणाली. मी त्या दिवशी जेवलो नाही, नुसते लाडू खाल्ले.

औषध धुऊन जाऊ नये म्हणून मी पाणी घालणं बंद केलं. हे मला आपोआप सुचलं, कुणी सांगावं लागलं नाही!

थोड्या दिवसांनी पानांवर पांढुरके ठिपके दिसू लागले, कुणी टाचणीने टोचून ठेवल्यासारखे. मी म्हटलं, डीडीटीचे डाग असतील. मग पानं राखी व्हायला लागली. मी म्हटलं, ऊन आहे. मग वेणीचा कोंब मान टाकू लागला आणि माझ्या पोटातली सनई बंद पडली.

"दृष्ट लागली!" आत्यांनी निदान केलं. "तुम्ही इतकं लख्ख केलंत ना, लोकांच्या डोळ्यांवर आलं!"

त्यांनी फांदीला लिंबू-मिरच्या बांधल्या आणि मीठ-मोहऱ्या नि मूठभर सुक्या मिरच्या वेणीवरून ओवाळून खालच्या शेगडीत टाकल्या. ठसका असा उठला की शेजारच्या शिकवणीची मुलं घरी सोडावी लागली! वेणीवर मात्र काही परिणाम झाला नाही. मग कुणी म्हणालं, तंबाखूचं पाणी मारा. मी मारलं. पांढऱ्या पानांवर तपकिरी ओघळ आले. आता ती झाडं कुठल्यातरी सरकारी इमारतीच्या जिन्यातल्या कोपऱ्यासारखी दिसू लागली.

शेवटी वासंतीने बाबांचं भिंग आणलं, पान उलटं केलं आणि ओरडली, "अगं बाई, हे काय!"

मी पाहिलं. पानाच्या खालच्या अंगाला झिरझिरीत जाळं, आणि त्यात मोहरीच्या चौथाईएवढे लाल किडे लुटुलुटु फिरत होते. किती? जत्रा भरली होती! आणि डीडीटीचं त्यांना काही नव्हतं. उलट ते अंगाला चांगलं मानवलेलं दिसत होतं.

वासंती विचार करत म्हणाली, "कांतिणी होत्या तोवर हे नव्हते."

"म्हणजे?"

"म्हणजे कांतिणी, नाहीतर त्यांच्याबरोबर मेलेलं आणखी काहीतरी, यांना खात असणार. आणि आपण पाणीही बंद केलंय, कोरडं यांना मानवतं वाटतं." मग ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "भाऊराव, वेणी गेली तर बाबा फार वाईट वाटून घेतील. आणि मीसुद्धा."

ते 'मीसुद्धा' ऐकून मला एकाच वेळी सुख झालं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. मी तिथल्या तिथे ठरवलं की कांतिणी परत आणायच्या!

आता नौपाड्यात कांतीण शोधायची म्हणजे सशाला शिंग शोधण्यातला प्रकार. घर न् घर फवारलेलं! बंबाची खोली, जिन्याखालची अडगळ, कुठे औषधालाही कांतीण नाही. मग मला आठवले राघोशेठ. कळव्याच्या पलीकडे खाडीकाठी त्यांची शेती, थोडी मिठागरं, मोठं घर. आमच्या कचेरीत त्यांचं येणंजाणं असे. तिकडे डीडीटी अजून पोचलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी सायकल काढली आणि हाताला लागला तो आत्यांचा रिकामा पितळी डबा हँडलला अडकवला. राघोशेठ शेतावर होते. दारात त्यांची बायको आवडाबाई सूप घेऊन बसलेली.

"काय पायजे रं?"

मी अदबीने म्हणालो, "वहिनी, तुमच्या घरात कांतिणी असतील ना? जळमटं?"

सूप खाली आलं.

"माजे घरान? जलमटा? कोनी सांगला तुला?"

"कुणी नाही. मला आपलं वाटलं, असतील..."

"तुला वाटला? मी रोज दोन टायमाला झाडतंय, सारवतंय, नि तू ठाण्याशी सायकल हाणून माजे घरान जलमटा बघाला आला? सगुणे, भाईर ये गो! बघ यो कोन आला जलमटा शोधाला!"

सगुणा म्हणजे त्यांची सून. ती बाहेर आली आणि तिच्या हातात मुसळ होतं. राघोशेठ वेळेवर आले नसते तर ही कथा दुसऱ्याच कुणाला लिहावी लागली असती.

मी त्यांना सगळं सांगितलं, वासंतीसकट. राघोशेठ बांधावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"लोका येतान, दूध मागतान, तांदूल मागतान. कांतीन मागाला तूच पयला! ये गोठ्यान, लगीन हाय तुजा, नाय कसा म्हनू?"

गोठ्यात पाहिजे तेवढ्या कांतिणी होत्या. बारीक, लांब पायांच्या, पोटाळ, सगळ्या नमुन्यांच्या! आम्ही दोघांनी गवताच्या काडीने एकेक डब्यात ढकलली. डबा भरल्यावर वर फडका बांधून झाकण सैल लावलं आणि मी निघालो. निघताना आवडाबाईंनी पुटपुटत का होईना, दोन नारळ दिले. परतताना खाडीच्या पुलावर सायकल पंक्चर झाली. उन्हात सायकल आणि डबा सांभाळत पोचेपर्यंत दिवस कलला.

फाटकातच आत्या उभ्या. त्यांची नजर डब्यावर गेली आणि चेहरा उजळला.

"अगो बाई! आमचा डबा! आणि रिकामा नाही आणलात!"

वाचकहो, इथे सगळा घोटाळा झाला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. निदान चार साखरेचे दाणे तरी टाकावेत. आत्यांनी डबा हातातून घेतला, वरचा फडका पाहिला आणि म्हणाल्या, "फडक्यात बांधलंय म्हणजे ओल्या नारळाच्या वड्या असणार! तुमच्या आईचं वळणच चांगलं हो."

मी तोंड उघडलं. काय सांगणार? त्यांच्या हातात कांतिणींचा डबा आहे असं सांगितलं तर डबा जाईल, आत्या जातील आणि लग्नही जाईल! तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. आतून आधी एक ट्रंक उतरली, मग हरिहररावांच्या मिशा.

"द्वारकेला फार उकाडा!" ते म्हणाले. "आलो लवकर."

मी त्यांना अंगणाकडे पाठ करून खुर्ची दिली. चहा आला. आणि पाठोपाठ आत्या डबा घेऊन आल्या.

"हरी, भाऊरावांच्या आईंनी वड्या दिल्यात. आधी तोंड गोड कर."

"नको!" मी ओरडलो.

"का?"

"खराब झाल्यात."

"आजच्या ना?"

"आजच्याच. पण त्यांत मीठ जास्त पडलंय."

"वड्यांत मीठ?" काकू, म्हणजे वासंतीची आई, म्हणाल्या. मी सकाळी कशाला गेलो होतो ते वासंतीला ठाऊक होतं; तिने डबा ओळखला आणि पदर तोंडाला लावला. हसायला की रडायला, ते मला कळलं नाही.

हरिहररावांनी झाकण काढलं, फडका सोडला आणि आत डोकावले.

डब्यात एकच कांतीण होती! बाकी सगळे नुसते पाय. दिवसभरात त्या बाईने गोठाभर नातेवाईक फस्त केले होते आणि आता ती डब्याच्या तळाशी तृप्त बसलेली, सुपारीएवढी! ती सावकाश वर आली आणि हरिहररावांच्या बोटावर चढली.

आत्यांनी किंकाळी फोडली आणि त्या पाटावरून थेट ट्रंकेवर गेल्या. हरिहरराव मात्र तिला डोळ्यांजवळ नेऊन मायेने म्हणाले, "काय गं, माहेरची माणसं कुठं गेली तुझी?" मग माझ्याकडे वळले. "भाऊराव, ही वडी कशासाठी?"

"वेणीसाठी," मी म्हणालो. आणि ते उठून अंगणात गेले.

पांढरी पानं, तपकिरी ओघळ, लिंबू-मिरच्या, बुंध्यावर गेरूने तारीख. कळ्यांचा कोंब वाळून काडी झालेला. त्यांनी तो बोटांत धरून अलगद कुरवाळला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. मला खरंच फार वाईट वाटलं. मी सगळं सांगून टाकलं, कमळाआत्यांच्या घामोळ्यासकट.

"मी काय सांगून गेलो होतो?"

"काही करू नका."

"मग? एवढं अवघड होतं का ते?"

"फार!" मी खरं तेच सांगितलं.

वासंती पुढे झाली. "बाबा, त्यांनी सगळं मनापासून केलं हो."

"तीच तर भीती आहे!" हरिहरराव म्हणाले. त्यांनी बोटावरची कांतीण अलगद वेणीच्या पानावर सोडली, बादली उचलली आणि पानांच्या खालून पाणी मारायला सुरुवात केली. नुसतं पाणी. "वेणी मरायची नाही. पण फूल आता पुढल्या वर्षी. मुहूर्तही पुढल्या वर्षी."

"म्हणजे... होय?" मी म्हणालो. "आणि तोवर मी काय करू?"

"काही नाही!" सगळं घर एकदम म्हणालं. ट्रंकेवरून आत्यासुद्धा!

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. रोज सकाळी जाऊन हात पाठीमागे बांधून आंब्याखाली उभा राहायचो. वासंती ओट्यावरून लक्ष ठेवायची. माझा हात जरा सुटला की म्हणायची, "हं!" पावसाने पानं धुतली, जुनी गळली, नवी आली. जाळी परत लागली. हिवतापवाले परत आले तेव्हा हरिहरराव स्वतः आंब्याखाली काठी घेऊन बसले. आणि पुढल्या ज्येष्ठात वेणी अशी फुलली की गल्ली बघायला आली. बांडगूळ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

लग्न लागलं. वासंतीच्या अंबाड्यावर ती गुलाबी-पांढरी वेणी होती आणि हरिहरराव तिच्याकडे बघून सारखा चष्मा पुसत होते. पंगत बसली. बायका मागे लागल्या, नाव घे, नाव घे. वासंतीने घास पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"सीतेच्या वेणीवर राखणीला कांतीण,
भाऊरावांना एकच सांगणं, काही न करता बसा शांतीनं!"

मांडव कोसळायचा राहिला! राघोशेठ तर पानावरून उठून हसले. मी मान खाली घालून घास खाल्ला आणि वर पाहतो तो काय! वासंतीच्या वेणीतून एक बारीक कांतीण बाहेर आली. इकडे तिकडे पाहिलं, धागा सोडला, खाली उतरली आणि शेजारी बसलेल्या कमळाआत्यांच्या खांद्यावरून मानेकडे निघाली.

मी पाहिलं. स्पष्ट पाहिलं. पण हुकूम म्हणजे हुकूम! मी काही केलं नाही.